सतरा नंबरची नोव्हा

मेसा, ॲरिझोना
११ एप्रिल १९९९

चि. नोरीन हिस,
लायलदादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. पहिलं पान वाचून जीव भांड्यात पडला. साखर आटोक्यात आहे, नवा लाकडी पाय आता चावत नाही, चर्चच्या जेवणावळीत तू चार तास उभी राहून नूडल्स वाढल्यास, हे सगळं ग्लेंडाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग दुसरं पान उलटलं आणि माझी कॉफी गार झाली.

बाबांच्या नोव्हा गाडीला भोक पाडायचं म्हणतेस? डोकं ठिकाणावर आहे ना? अगं, ब्रँडलच्या दुकानानं एकोणसत्तर साली अशा छत्तीसच गाड्या केल्या. साध्या नोव्हात दांडगं इंजिन बसवून विकल्या, आणि बसवणारे हात आपल्या बाबांचे. त्यांतल्या आज अकरा उरल्यात. आपली सतरा नंबरची. एकोणनव्वद सालापर्यंत तीन हिवाळे खपून मी तिचा एकेक स्क्रू कारखान्याच्या पुस्तकाबरहुकूम लावला. प्रदर्शनात तिला शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण मिळतात. दोन कापले जातात ते डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलेल्या शर्यतीच्या वेळेच्या आकड्यासाठी. तो पुसायला मात्र माझा हात धजला नाही.

गाडी तुझ्या गॅरेजात असली तरी बाबांनी ती दोघांच्या नावे ठेवली आहे, तेव्हा माझंही ऐकावं लागेल. माझं उत्तर नाही असं आहे. जुलैत ब्रँडलच्या गाड्यांचा तिसावा मेळावा आहे, त्याला मी येतो, ट्रेलरवरून गाडी नेतो, आणि संचलनात तुला शेजारी बसवून हळूहळू फिरवतो. हात हलवायला दोन्ही मोकळे राहतील.

रागावू नकोस. तब्येतीला जप.

तुझा, पण गाडीचाही,
लायलदादा

ब्लफ्टन, ओहायो
२० एप्रिल १९९९

ती. लायलदादास,
नोरीनचा सा. न. वि. वि.

ग्लेंडावहिनीचा गुडघा कसा आहे? शस्त्रक्रियेची तारीख ठरली की कळव. इथे शेतं अजून ओली आहेत, मक्याची पेरणी खोळंबली आहे आणि गावातले सगळे शेतकरी हॉटेलात बसून पाय खातात. खायचा पाय हं, सफरचंदाचा. माझ्यासमोर तो शब्द उच्चारताना बिचारे चाचरतात. मी मुद्दाम दोन मागवते.

आता मुद्द्याचं. दादा, मी बावीस वर्षं शाळेची चौदा नंबरची बस चालवली. बर्फात, धुक्यात, मागे साठ पोरं बोंबलत असताना. एकदाही घसरले नाही. डावा पाय गेल्यापासून मला सगळे नेतात. दवाखान्यात नेतात, चर्चला नेतात, दुकानात नेतात. मी सामान झाले आहे. आणि तू म्हणतोस, आणखी एकदा शेजारी बसून हात हलव!

ऑटोमॅटिक गिअर घाल असं मर्लनं सुचवलं होतं. शेजारचा मर्ल, मोटरसायकली दुरुस्त करतो तो. मी म्हटलं, बाबांनी चार गिअर हातानं टाकले, मीही हातानंच टाकणार. मग त्यानं डोकं लढवलं. मोटरसायकलचा क्लच जसा मुठीत असतो, तशी मूठ गिअरच्या दांड्यालाच बसवायची. तिथून तेलाची एक नळी पुढचा पत्रा पार करून इंजिनाकडे जाणार आणि माझ्या डाव्या पायाचं काम करणार. त्यासाठी पत्र्याला बोटाएवढं एक भोक लागतं. एवढंच.

तुझ्या होकाराशिवाय ड्रिलला हात लावणार नाही, शब्द देते. पण दादा, संचलन नको मला. मला ती पाव मैलाची शर्यतीची पट्टी हवी आहे, आणि चाकावर माझे हात. बाबा गेल्यावर तू तिला चकचकीत केलंस, पण गेल्या दहा वर्षांत तिला पळताना कुणी पाहिलंय का?

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, तो पत्र वाचून तुझाही टिकला तर बरं.

तुझी हट्टी,
नोरीन

ब्लफ्टन
९ मे १९९९

ती. लायलदादास,
सा. न.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू फुगला आहेस. फुग, पण हे वाच.

परवा मर्ल आणि मी नुसतं माप घ्यायला बसलो होतो. ड्रिल लांब ठेवलं होतं, बायबलवर हात ठेवून सांगते. नळी कुठून नेता येईल ते बघताना इंजिनाच्या बाजूनं पत्र्यावर माझं बोट अडलं. रंगाखाली उंचवटा. मर्लनं दिवा धरला. बोटाएवढ्या भोकावर कुणीतरी वेल्डिंग करून, घासून, वर रंग दिला होता. नेमकं तिथंच, जिथं आम्हाला भोक हवं होतं. दादा, हे काम तुझं आहे ना? इतकं सुबक वेल्डिंग आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

मला चैन पडेना. मर्लच्या ट्रकमधून मी मिन्स्टरला नॉर्बर्ट व्यूबकरकडे गेले. बाबांबरोबर ब्रँडलकडे होता तो. शहात्तर वर्षांचा झालाय आणि नऊ नंबरची नोव्हा त्याच्याकडेच आहे. त्यानं कोंबड्या हाकलून गोदाम उघडलं. मी बॉनेटखाली दिवा मारला, तर त्याच जागी तसंच भोक, त्यातून तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याची नळी गेलेली.

तो सांगू लागला की कारखान्यातून गाडी यायची तेव्हा तिला तो काटा नसे. दांडग्या इंजिनाला तो हवाच, म्हणून बाबा प्रत्येक गाडीला स्वतः भोक पाडून काटा बसवत. छत्तीस गाड्या, छत्तीस भोकं. आपल्या गाडीचं बुजवलंय हे ऐकून म्हाताऱ्यानं आपल्या गाडीच्या भोकावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "एम्मेटचं, तुझ्या बापाचं भोक नसेल तर ती ब्रँडलची गाडी नव्हे, पोरी. नुसती नोव्हा."

मी अजूनही हात लावलेला नाही. शब्द दिला आहे. आता तू बोल.

वाट पाहणारी,
नोरीन

मेसा
१७ मे १९९९

चि. नोरीन,
अ. आ.

हो, मीच बुजवलं. कारखान्याच्या पुस्तकात ते भोक नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी बाबांनी काहीतरी उद्योग करून ठेवला असेल. काटा काढून डब्यात टाकला आणि वेल्डिंग करून स्वतःची पाठ थोपटून घेतली. बाबांनी जिला ब्रँडलची केली, तिला मी पुन्हा कारखान्याची केली, आणि दहा वर्षं लोकांना सांगत फिरलो की ही बघा, अस्सल.

त्याहून वाईट सांगतो. इंडियानातल्या प्रदर्शनात मी परीक्षक असताना ब्रँडलच्या दोन गाड्यांचे तीन-तीन गुण कापले होते. कारण हेच. म्हटलं, पत्र्याला भोक आहे. दोघांनाही काल माफीची पत्रं टाकली. ग्लेंडा हसून हसून लोळली. ती म्हणते, तुझी परीक्षकी आता बंद.

भोक पाड. बाबांच्याच जागी, बाबांच्याच मापाचं. तुझी नळी आणि बाबांच्या काट्याची नळी दोन्ही त्यातून जातील. काटा सोबत पाठवतो आहे, डबा मी जपून ठेवला होता.

ग्लेंडाच्या गुडघ्याची तारीख नेमकी मेळाव्याच्या आठवड्यात आली, त्यामुळे मला येता येणार नाही. एक भीती आहे. बाबांचा क्लच लोखंडासारखा कडक. तुझं मनगट टिकेल ना? सराव कर. पडलीस-झडलीस तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

लाजलेला,
लायलदादा

ब्लफ्टन
१ ऑगस्ट १९९९

ती. लायलदादास,
सा. न. वि. वि.

वहिनी काठी टेकत चालू लागली हे वाचून आनंद झाला. तिला सांग, काठीबद्दल काही विचारायचं असेल तर मी इथली जाणकार आहे.

आता ऐक. मी ट्रेलर घेतला नाही. घरापासून मैदानापर्यंत बेचाळीस मैल मी स्वतः चालवत गेले, मर्ल ट्रकमधून मागे. मनगटाचं म्हणशील तर दोन महिने मी टीव्हीसमोर बसून ती मूठ दाबत होते. मर्लनं जुन्या ट्रकचा ब्रेकला जोर देणारा एक डबा जोडलाय, त्यानं निम्मा भार उचलला.

अकरापैकी सात गाड्या आल्या होत्या. पट्टीवर माझा नंबर लागला. हिरवा दिवा पेटला, मी मूठ एकदम सोडली आणि गाडी आचका देऊन बंद. चारशे माणसांसमोर! कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. लोक आतापासूनच कीव करायला बसले होते. नॉर्बर्ट कुंपणाला टेकून उभा होता, तो तेवढा ओरडला की एम्मेटनंसुद्धा पहिल्यांदा बंदच पाडली होती. खरं की खोटं देव जाणे, पण माझा हात सैल झाला.

दुसऱ्या खेपेला १३.४० सेकंद. तिसऱ्या खेपेला मूठ हळू सोडायची कुठवर आणि झटकन कुठून, ते हाताला कळलं. दादा, ती सुटली! मी दुसरा टाकला, तिसरा टाकला, बाबांचा काटा मध्यभागी ठाम, आणि मी इतकी मोठ्यानं ओरडत होते की चौथा टाकल्याचं मला आठवतच नाही. पाटीवर आकडा लागला, १२.९७.

कप्प्यात बाबांचा आकडा काय आहे, तुला तोंडपाठ आहे. १३.११.

लोक कुंपणावरून उड्या मारून आले. मी दार उघडून आधी लाकडी पाय बाहेर टाकला, मग मी. नॉर्बर्ट रडत होता आणि नाक शिंकरून डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगत होता. परीक्षकांनी मुठीसाठी सात गुण कापले. भोकाला मात्र पूर्ण गुण, आणि शेऱ्यात लिहिलंय, "जसं असायला हवं तसं."

मग मी कप्पा उघडला, मर्लच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि बाबांच्या आकड्याखाली माझा लिहिला. आणखी दोन गुण गेले समज. त्याच्याखाली एका ओळीपुरती जागा आहे.

जिंकलेली,
नोरीन

मेसा
९ ऑगस्ट १९९९

चि. नोरीन,
आशीर्वाद पुरत नाहीत, म्हणून या वेळी नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. पोस्टमनलाही सोडलं नाही.

एक गोष्ट ग्लेंडालाही सांगितली नव्हती. एवढी वर्षं मी गाडी ट्रेलरवरून नेली ती जपायची म्हणून नव्हे. मला तिची भीती वाटायची. दर प्रदर्शनाआधी बाबांच्या आकड्यावरची धूळ फुंकायचो, पण त्याच्या जवळ जायची छाती नव्हती. ताशी साठ मैलांच्या वर मी तिला कधी नेलीच नाही.

एकसष्ट साली बाबांच्या ट्रकवर तुला क्लच कसा सोडायचा ते मी शिकवलं होतं, आठवतं? किती रागावलो होतो तुझ्यावर. आता तू शिकव, आणि हवं तितकं रागाव.

सप्टेंबरच्या चार तारखेचं विमान घेतलं आहे. पेन्सिलीला टोक करून ठेव.

तुझा विद्यार्थी,
लायल