आवरलेली दोरी

भावोजी,

गुहेत पाणी भरल्यावर सगळ्यांना तुम्हीच धीर दिलात, असं तुम्ही काल टीव्हीवर सांगितलंत. शेजारी ताई आपली नखं न्याहाळत बसली होती.

आम्ही हौशी माणसं गुहेत शिरताना मागे दोरी सोडत जातो. पाणी गढूळ झालं की तीच चाचपत बाहेर यायचं असतं. ताई पुढे दोरी सोडत होती आणि तुम्ही मागून ती गुंडाळत होतात. का, तर पसारा दिसतो. मग पाणी भरून तुम्ही दोघं आत अडकलात, तेव्हा त्या चिखलपाण्यात भिंती धरत धरत मी बाहेरून तुमच्यापर्यंत आलो. "आधी मला ने, मला दमा आहे," हे तुमचे धीराचे शब्द. ताई म्हणाली, "ने बाबा त्यांना, इथे जरा शांतता तरी मिळेल." तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

आता तुम्ही लेकीलाही तिथे नेणार म्हणे. तुम्हाला दुखवायचं नाही अशी ताईने शपथ घातली आहे, म्हणून हे पत्र टाकत नाही. पुन्हा अडकलात तर मी येईनच. आधी भाचीला काढीन, मग ताईला. तुमच्यासाठी दोरी सोडून ठेवीन. ती तेवढी आवरू नका.

तुमचा मेहुणा