डबरीपाऱ्याखालचा खडक

१३ जानेवारी, सोमवार

बोअरचं मशीन आलं! माझ्या नावावरचं पहिलं काम, आणि तेही भिलाई-३ मध्ये, आपल्याच डबरीपाऱ्यात. पारा म्हणजे इकडे वस्ती. शेजारच्या बंद डांबर कारखान्याचं काळं पाणी जमिनीखालून वस्तीच्या विहिरींत उतरतं. ते अडवायला दोन्हींच्या मध्ये जमिनीच्या आत भिंत घालायची. भिंत पक्क्या खडकात रुतली तरच उपयोग, नाहीतर पाणी खालून निघून जाणार. तो खडक किती खोल हे सांगायचं मी!

आई म्हणाली, "तीन वर्षं झाले, टँकरच्या पाण्यात डाळ शिजवून राहिली मी. लवकर सांग."

१५ जानेवारी, बुधवार

नऊपैकी चार बोअर झाले. पद्धत साधी आहे. जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून नळीवर पाडायचा आणि ठोके मोजायचे. पन्नास ठोक्यांतही नळी हलली नाही की 'रिफ्युजल'. चारही ठिकाणी पाच-सहा मीटरवर रिफ्युजल.

माझे वरिष्ठ अच्युत सर, त्यांचा रायपूरहून फोन — "रिफ्युजल म्हणजे खडक. लिही आणि पुढे चल." मी लिहिलं नाही. आणखी तीन मीटर खोदून कोअर, म्हणजे आतल्या दगडाचा गोल दांडा, काढतेच, म्हटलं. सर चिडले. चिडू देत!

१६ जानेवारी, गुरुवार

आज काय दिवस होता!

दगड कापणारी बिट खाली गेली आणि तिला धुवायला सोडलेलं पाणी गायब. मशीन चालवणारा केवलराम पाइपकडे बघत बसला. "मॅडम, पाणी वापस नाही येऊन राहिलं. हा कसला पत्थर?" अखंड खडकातून पाणी वर परत येतं. हे कुठेतरी पळत होतं. कोअर निघाला तोही तुकडे तुकडे — राखाडी, टणक, बारीक भोकांचा. इकडचा खडक चुनखडीचा. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की तो जोरात फसफसतो, वास येत नाही. म्हणून थेंब टाकून पाहिला. सडक्या अंड्याचा वास! केवलराम दोन पावलं मागे सरला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. स्लॅग! लोखंड वितळवताना भट्टीतून निघणारा मळ! पोलादाच्या गावात वाढले आणि ओळखायला चार बोअर लागले.

पण इतक्या खाली स्लॅग आला कुठून?

१७ जानेवारी, शुक्रवार

उत्तर पाऱ्याच्या नावातच होतं! डबरी म्हणजे तळं. इथे तळं मी जन्मात पाहिलं नाही, आणि नाव का पडलं हेही कधी कुणाला विचारलं नाही. जेवताना बाबांना विचारलं, डबरी कुठे आहे?

बाबा भात कालवत होते. "बुजवली ना. चुनखडीची खदान होती, तिच्यात पाणी साचे. चौऱ्याऐंशीत ठेकेदारानं स्लॅगनं भरली, वरून माती. डंपर मीच चालवत होतो."

"मग मले सांगितलं कावून नाही?"

"तुनं इचारलं कवा?"

मी घास सोडून वही आणायला उठले. आई ओरडली. ओरडू दे.

१८ जानेवारी, शनिवार

चौदा मीटरवर खरा चुनखडक. जोरदार फसफस, वास नाही! अच्युत सर स्वतः आले. कोअर हातात धरून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "आपली भिंत स्लॅगवर टेकली असती. सगळं पाणी खालून गेलं असतं." एवढ्यावरच मी दिवसभर हवेत.

आता भिंतीची जागा बदलणार. स्लॅगमध्ये चर खोदला तर ढासळतो, म्हणून भिंत बुजवलेल्या खदानीच्या बाहेरून, वस्तीच्या अंगानं न्यायची. म्हणजे भरावावरची घरं काळ्या पाण्याच्या बाजूला राहणार. ती उठवावी लागतील.

बाबांनी खदानीचा काठ चालून दाखवला, मी मागे खुंट्या ठोकत गेले. शेवटची खुंटी आमच्या फाटकासमोरच्या कडुनिंबापाशी. "इथं संपे," बाबा म्हणाले. खुंटी पायानं दाबत परत म्हणाले, "इथंच संपे." समोरच्या ओळीतली सहा घरं आत गेली. वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर फार वेळ नाही वाटलं, इतकी मी खुशीत होते.

सरांना खात्रीसाठी खुंटीच्या पलीकडे एक बोअर हवा आहे. तिथे साधी माती लागली की काम संपलं. आणि जागा कोणती? आमचं अंगण! आईनं पाण्याचे ड्रम हलवून जागा करून ठेवली आहे. मशीनवाल्यांसाठी पोहे करणार आहे.

२० जानेवारी, सोमवार

अंगणात साडेचार मीटरवर पन्नास ठोके. नळी हलली नाही. राखाडी तुकडा वर आला. ॲसिडची बाटली बाबांनी माझ्या हातातून घेतली आणि थेंब स्वतः टाकला. वास पोह्यांच्या पातेल्यापर्यंत गेला.

"लिही," बाबा म्हणाले.