ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

४ मार्च, सोमवार

बायको कारखान्याच्या सुरक्षा समितीवर निवडून आली! हात वर करून मतदान झालं. पॅकिंगच्या सगळ्या बायका तिच्या बाजूने, आमचा मिस्त्रीही तिच्याच बाजूने. मी हात वर करावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात मोजणी संपली. घरी येताना म्हणाली, "अहो, तुमचा हात नाही दिसला तो." मी म्हटलं, मी शिफ्टचा सुपरवायझर, मला तटस्थ राहावं लागतं. "बरं, मग आता तटस्थ राहून भाजी चिरा." चिरली.

७ मार्च, गुरुवार

पहिल्याच बैठकीत तिने कुलपं मागितली!

आमची बिस्किटांची भट्टी म्हणजे लांबलचक बोगदा. आतून लोखंडी पट्टा फिरतो, त्यावर बिस्किटं भाजत पुढे सरकतात. जळका चुरा पट्ट्याखाली साचला की भट्टी थंड करायची आणि कुणीतरी आत रांगत जाऊन तो खरवडायचा. आत माणूस आहे हे बाहेरून दिसत नाही. मग आमची पद्धत काय, तर "आत जातोय रे!" असं ओरडायचं. ज्याने ऐकलं त्याने लक्षात ठेवायचं. इतकी वर्षं हेच चाललंय आणि मलाही त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

तिचं म्हणणं सरळ. आत जाणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढेपर्यंत भट्टी सुरू होणार नाही, मग कुणीही सांगो.

मोठे साहेब हसले. "बाई, कारखाना आहे हा, तिजोरी नाही."

"तिजोरीत माणूस जात नाही साहेब."

मला साधी रजा मागायची तरी आदल्या दिवसापासून घसा खाकरावा लागतो — आणि ही! कुलपं मंजूर झाली.

१५ मार्च, शुक्रवार

कुलपं आली. लाल रंगाची, प्रत्येकावर एकेकाचं नाव. आणि आमच्या शहाण्यांनी काय करावं? किल्ल्या हरवायला नकोत म्हणून मिस्त्रीने स्विचच्या शेजारीच खिळा ठोकला आणि सगळ्यांच्या किल्ल्या त्यावर टांगून ठेवल्या! "वहिनी, कुणाची अडचण नको व्हायला." मला तर त्याचं कौतुकच वाटलं होतं.

ती मिस्त्रीला म्हणाली, जरा आत जाऊन पट्टा बघून या. त्याने कुलूप घातलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि रांगत आत गेला. हिने किल्ली घेतली, त्याचं कुलूप काढलं आणि बंद स्विचला पाठ लावून उभी राहिली. कुणाला जवळ फिरकू देईना. मिस्त्री अंग झटकत बाहेर आला, तेव्हा कुलूप हिच्या तळहातावर.

"भाऊजी, हे तुमचंच ना?"

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. खिळा त्यानेच उपटला. दिवसभर त्या बाईकडे मी परक्या माणसासारखा बघत होतो. एवढी वर्षं हिच्याबरोबर संसार केला, हे डोकं माझ्या कधी लक्षातच आलं नाही!

१८ मार्च, सोमवार

मिस्त्रीने किल्ली गळ्यात बांधलीय. अंघोळीलाही काढत नाही म्हणे.

२६ मार्च, मंगळवार

आणि तीच किल्ली आज नडली! मिस्त्री काम आटोपून गेला, कुलूप स्विचवरच राहिलं. किल्ली त्याच्या गळ्यात, तो बहिणीकडे, फोन बंद. माल न्यायच्या गाड्या दारात येऊन उभ्या. साहेबांचा नुसता तिळपापड. "कापा ते कुलूप!"

ही आडवी आली. "ज्याचं आहे त्याला आणू." पॅकिंगची एक मुलगी स्कूटर घेऊन गेली आणि मिस्त्रीला पाठीमागे बसवून घेऊन आली. तोवर भट्टी बंद. साहेब चारचौघांत म्हणाले, "पुढच्या वेळी मी स्वतः कापणार. आणि बाई, तुम्ही मध्ये आलात तर समितीही नाही आणि नोकरीही नाही." संध्याकाळपर्यंत त्यांच्या केबिनमध्ये लोखंड कापायची भलीमोठी कात्री आली.

वाटेत मी चिडलो. "अगं, मिस्त्री घरी गेलाय हे सगळ्यांना माहीत होतं! कापलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आज माहीत होतं. एकदा कापलं की पुढच्या वेळी नुसतं वाटलं तरी कापतील."

"आणि नोकरी गेली म्हणजे? भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. दुपारचा डबा तसाच आहे, उचलून बघा."

उचलला. जड होता.

२९ मार्च, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "घरी जरा समजवा त्यांना." माझ्या तोंडून गेलं, "साहेब, आमच्या घरी समजावण्याचं काम तिच्याकडे असतं." खरं सांगतो, मजा आली. तिला सांगितलं तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आईलाही दोनदा सांगायला लावलं.

३ एप्रिल, बुधवार

आईचा गुडघा सुजलाय. उद्या जेवणाच्या सुट्टीत निघून तिला दवाखान्यात नेणार. कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय.

४ एप्रिल, गुरुवार

निघता निघता पट्टा घासल्याचा आवाज आला. भट्टी थंडच होती. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, आपणच बघू. कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आत गेलो. कुणाला सांगितलं नाही. फोन टेबलाच्या खणात. पलीकडच्या टोकाला पोचलो तर चुरा दगडासारखा घट्ट बसलेला, खरवडत बसलो. गाणं गुणगुणत होतो मी!

बाहेर आलो तर सगळा कारखाना गोळा झालेला. साहेबांच्या हातात कात्री. ही स्विचला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी. मला बघून साहेबांच्या हातातली कात्री खाली पडली. ही मटकन खाली बसली.

आत्ता विचारलं, तुला कळलं होतं ना, मी आत आहे ते?

"नाही हो. मला वाटलं, तुम्ही आईंना घेऊन केव्हाच दवाखान्यात पोचलात."