पायाळूची लाथ

६ जानेवारी १९७४
बसवत न्हाई! चुलीपाशी उभी राहूनच लिहून राह्यले. कापूस वेचायला वाकले अन् ढुंगणापासून पोटरीपर्यंत नस पेटली. शिंकलं तरी अंगठ्यापर्यंत कळ.

मी पायाळू — पायाकडून जन्मलेली. कुणाची कंबर लचकली की माझं दार. त्यानं पालथं पडायचं, मी डाव्या पायानं लाथ लावायची. बरे होतात लोक. अन् आता माझाच डावा पाय!

हे म्हणाले, "साऱ्या गावाला लाथा घालती. तुला कोणी घालावी?" हसायला काय जातंय यांचं.

९ जानेवारी
शेजारची चतुराबाई म्हणली, परतूरच्या मोंढ्यात एक हमाल हाय, पायाळू. गेल्ते. मेल्यानं अशी घातली की सारा मोंढा फिरला डोळ्यापुढं. दुप्पट दुखलं.

मंग ह्यांनी ओढतच डॉक्टरकडं नेलं. त्यानं उताणं निजवून पाय सरळ वर उचलला — बोंबललेच मी! म्हणला, "बाई, मणक्यापाशी नस दबलीय. लाथेनं सुटत नसती. वाकू नका, ओझं उचलू नका, थोडं थोडं चालत राहा. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत आपसूक कमी होतं."

"आपसूक? मंग तुमी कशाला?"

हसला न्हाई. "पाऊल उचलेना, पाय बधिर पडला, लघवीचं कळेना — तर दुखो न दुखो, त्याच दिवशी जालन्याला मोठा दवाखाना."

गोळ्या दिल्या. कडू.

१५ जानेवारी
काल संक्रांत. वाण द्यायला गेले न्हाई. सारं अंग कंटाळलं.

२१ जानेवारी
कमी हाय! रात्री झोप लागली. डॉक्टर अन् हमाल, दोघं गेले उडत. चप्पल तेवढी पायातून गळून राह्यली. पट्टा ढिला झाला आसंल.

२३ जानेवारी
दीर पुंजाराम वाकडा होऊन आला. "वैनी, द्या एक जोरात." पालथा पडला. मी भिंत धरली, पाय उचलला.

"बास वैनी. काढा आता."

"अरे, अजून लावला कुठं?"

"मंग पाठीवर काय हाय?"

खाली पाह्यलं. माझाच पाय. मला कळलाच न्हाई.

हे गाडी जुंपून राह्यले. जालना.