घुमणाऱ्या चाकाचा खुलासा

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, विहीणबाईंचा खोकला गेला की नुसताच थोडा सरकून बसलाय, जावईबापूंची बदली टळली का, हे सगळं आधीच विचारून घेतो. कारण एकदा माझी हकीकत सुरू झाली की मला दुसऱ्याच्या गुडघ्याची आठवण राहत नाही, असं आमच्या घरातलं मत आहे. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. नातीसाठी खोली झाडून झाली, खिडकीला जाळी बसवली, पाळण्याच्या कड्या तीनदा घट्ट केल्या. सगळं तयार आहे, फक्त नात नाही. आणि ती नाही याला कारण मी आहे, एवढं एक वाक्य लिहायला मला तीन रविवार लागले.

तुम्ही मोठ्या मनानं म्हणाला होतात की जावईबापू दोघींना आणून सोडतील. त्यावर मी छाती पुढे काढून म्हणालो की आमची लेक आणि नात आम्ही आमच्या गाडीतून नेऊ. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गाडी किती मऊ चालते हे दाखवायला मी विहीणबाईंना बाजारापर्यंत घेऊन गेलो. चौक ओलांडून जरा वेग घेतला, तशी गाडीनं खालून सूर लावला, भिंतीपलीकडे कुणीतरी पिठाची चक्की चालू करावी तसा. (हा सूर मी महिनाभर ऐकत होतो, पण घरच्या माणसाच्या घोरण्याची सवय होते तशी मला त्याची झाली होती.) विहीणबाई मांडीवरची पिशवी तेवढी दोन्ही हातांनी धरून बसल्या. उतरताना म्हणाल्या, "भाऊ, हा आवाज गेला की या. तोवर बाळ या गाडीत बसायचं नाही." यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पाच महिन्यांचं मूल आहे, आणि गाडीला काय झालंय हे गाडीच्या मालकालाच ठाऊक नाही. मी "चार दिवसांत काढतो" म्हणून परत आलो.

आता चार दिवसांचे पंचवीस कसे झाले ते सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे की मी चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. हे कुणी शिकवलं नाही. मावशीचं यंत्र तिच्या परवानगीशिवाय उघडलं, ते जोडता येईना म्हणून आठ दिवस तिच्यासमोर गेलो नाही, आणि नवव्या दिवशी ते चाललं, एवढंच माझं शिक्षण. पण नंतर असा हात बसला की गिऱ्हाईकानं यंत्राचं चाक एकदा फिरवलं की मी सांगायचो, दोरा आत अडकलाय की पट्टा सैल झालाय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, आतलं सगळं ऐकू येतं. असा मी कानाचा माणूस. त्यानं गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यायची म्हणजे आचाऱ्यानं घरी डबा लावण्यासारखं झालं. म्हणून पहिले आठ दिवस मी स्वतःच लागलो. गाडीतली छत्री, पान्यांची पिशवी, हिची हरवलेली म्हणून दोन वर्षं माझ्या नावावर असलेली वहाण, सगळं बाहेर काढलं. मग जिथे जिथे धातूला धातू लागतो तिथे शिवणयंत्राचं तेल सोडलं. आवाज तसाच राहिला, पण दारं इतकी हलकी झाली की फुंकर मारली तरी उघडतील. (एक दार चालत्या गाडीत उघडलंही. ते आता नीट केलंय. विहीणबाईंना हे सांगायची गरज नाही.)

मग मी पद्धतशीर विचार केला. उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडली. आवाज होताच, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो, म्हणजे जे फिरतंय त्याचंच हे काम. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून घेतले, तरी सूर जागचा हलला नाही, म्हणजे टायरही सुटले. राहिलं बेअरिंग. चाकाच्या मधोमध पोलादी गोळ्यांचं एक कडं असतं, त्यावर चाक फिरतं; गोळ्या झिजल्या की चाक घुमायला लागतं. इथपर्यंतचा माझा विचार अगदी बरोबर होता आणि गॅरेजच्या मिस्त्रीनंही तो मान्य केला. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण या पत्रात अशी संधी पुन्हा यायची नाही.

प्रश्न उरला, चारांतलं कुठलं चाक. माझ्या मते हा प्रश्नच नव्हता. आवाज स्वच्छ डावीकडून येत होता. डावी दोन्ही चाकं जॅकवर चढवून हातानं फिरवली, स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. दोन्ही गुळगुळीत. शहाण्या माणसानं इथे उजवी चाकंही बघितली असती. मी असा निष्कर्ष काढला की बेअरिंग लबाड आहे, अंगावर वजन असल्याशिवाय बोलत नाही. आणि उजवीकडे बघायचंच कशाला, आवाज डावीकडे असताना?

शेवटी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथला मिस्त्री म्हणजे अगदी शांत माणूस. दिवसभर पाठीवर झोपून गाड्यांची पोटं बघतो, त्यामुळे माणसांच्या तोंडाकडे फारसं बघत नाही. त्यानं मला एका मोकळ्या मैदानात नेलं, वेग धरला आणि स्टिअरिंग जरासं डावीकडे झुकवलं. आवाज वाढला. उजवीकडे झुकवलं, कमी झाला. म्हणाला, "काका, उजवं पुढचं दिसतंय." मी म्हटलं, "अरे, डावीकडे वळवल्यावर वाढतो म्हणजे डावंच ना." तो म्हणाला की गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे टाकते, सगळा भार उजव्या चाकावर येतो. मी हसलो. (आता आठवलं की कानशिलं गरम होतात.) म्हटलं, "बाबा रे, तू हातानं शिकलास, मी कानानं शिकलो. चाळीस वर्षं या कानावर घर चालवलंय. डावं उघड." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि पुढचं डावं बेअरिंग बदललं. आवाज राहिला. मग मी मागचं डावं बदलायला लावलं. आवाज राहिला. जुनी दोन्ही बेअरिंगं त्यानं कागदात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, ही ठेवून द्या. चांगली आहेत."

तिसऱ्या वेळी आम्ही निघालो तेव्हा ही पण बरोबर आली. तिला बँकेत सोडायचं होतं. मिस्त्री चालवत होता, मी त्याच्या शेजारी, ही मागे. चाक घुमत होतं, आणि मी डाव्या खिडकीकडे बोट दाखवून सांगत होतो की ऐक, अजून इथूनच येतोय. तेवढ्यात ही मागून म्हणाली की पासबुक तुमच्याच खिशात राहिलंय. ते द्यायला मी सीटवर गुडघा टेकून पुरता मागे वळलो आणि चकित झालो. आवाज उडी मारून उजवीकडे गेला होता. मी म्हटलं, "मिस्त्री, आता उजवंही गेलं रे." त्यानं विचारलं, कधी? म्हटलं, आत्ता, या क्षणी. पुढे वळून बसलो तर आवाज परत डावीकडे. मागे वळलो, उजवीकडे. असं मी चार वेळा केलं. माझ्या वयाचा माणूस सीटवर गुडघे टेकून कोंबड्यासारखी मान फिरवतोय हे बघून शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वेग कमी केला. मिस्त्रीनं गाडी बाजूला घेतली. हळूच म्हणाला, "काका, आवाज गाडीबरोबर फिरतोय की तुमच्या मानेबरोबर?"

मागून ही म्हणाली, "उजवा कान गेलाय त्यांचा. सहा वर्षं झाली."

मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाहीस. म्हणाली, "सांगितलं होतं. तेव्हा मी तुमच्या उजवीकडे बसले होते."

व्याहीबुवा, त्या दिवशी मला माझं घर नव्यानं दिसलं. जेवताना ही नेहमी डावीकडे का बसते, थोरल्या मुलाला काही विचारायचं झालं की तो टेबलाला वळसा घालून का येतो, तुमची सूनबाई लहानपणी उजव्या खांद्यावर डोकं टेकायची ती मोठेपणी डावीकडे कधी आली, सगळा उलगडा झाला. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या हलवल्या आणि मला कळूही दिलं नाही, कारण कान म्हणजे माझा धंदा, माझा मान. आणि मी मात्र समजत होतो की जगात सगळं महत्त्वाचं डावीकडेच घडतं. मिस्त्रीनं त्याच दुपारी पुढचं उजवं चाक उतरवलं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं खरखरलं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या काका, माझा बाप तर दोन्ही कानांनी ऐकायचा नाही," आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

गाडी आता गप्प आहे. ही म्हणते की मीही बऱ्यापैकी गप्प आहे. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलंय, ते यायला पंधरा दिवस लागतील. तोवर मी चालवणार नाही. येत्या रविवारी ही चालवेल. (तिचा परवाना माझ्या आधीचा आहे, हेही मी दोन वर्षं तुम्हाला सांगायचं टाळलं.) मी मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसेन, म्हणजे नात डावीकडे येईल आणि तिची साधी उचकीसुद्धा मला चुकणार नाही. विहीणबाईंना पटलं तरच दोघींना पाठवा. नाही पटलं तर आम्ही नुसता चहा घेऊन परत येऊ, मनात काही ठेवणार नाही. (मी ठेवेन, पण दाखवणार नाही.)

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, नातीला काय द्यायचं ते समक्ष.

तुमचा,
एका कानाचा व्याही

ता. क. कानाची गोष्ट विहीणबाईंच्या कानावर घालू नये, अशी विनंती आहे. मिस्त्री चुकला असं सांगितलंत तरी चालेल. तो भला माणूस आहे, रागावणार नाही.

ता. क. २. हिनं पत्र वाचलं. वरची विनंती रद्द समजावी. ही म्हणते, विहीणबाईंना लग्नाच्या बोलणीच्या दिवशीच कळलं होतं. त्या दर भेटीत खुर्ची उचलून माझ्या डावीकडे येऊन बसतात. म्हणजे दोन्ही घरांत मिळून न कळलेले आपण दोघंच. तुम्ही नेहमी सोफ्यावर माझ्या उजवीकडे बसत आलात. दोन वर्षांत आपल्यात एकदाही मतभेद झाला नाही, याचं मला फार कौतुक वाटायचं. तुम्ही बोलायचात, मी मान डोलवायचो. तुमचा चेहरा इतका समजूतदार आहे की शब्दांची गरज वाटली नाही.

ता. क. ३. खरं तर रखडलेलं पत्र आज पुरं केलं ते यासाठीच. काल लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आठच दिवस राहीन हं. तुमचं आणि यांच्या बाबांचं ठरलंय ना, तुम्ही लगेच हो म्हणालात." व्याहीबुवा, ते हो माझ्या उजव्या कानाचं होतं, ते धरू नये. आम्हाला महिना हवा आहे. रविवारी मी सोफ्याच्या उजव्या टोकाला बसेन, तुम्ही डावीकडे बसा, आणि आपण हे बोलणं पहिल्यापासून करू. महिन्याला तुम्ही हो म्हणाल अशी आशा आहे. नाही म्हणणार असाल, तर मात्र कृपा करून आपल्या नेहमीच्या जागी बसून म्हणावं.