रविवारची वेणीफणी

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बातमी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. राहिलेल्या लाटल्या आणि मगच उठले. रडू आलं नाही. ते मला वेळेवर कधीच येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

दुष्काळ सरला त्या वर्षी मला सटाण्याहून नाशकात, तुम्ही सांभाळत होतात त्या बालगृहात आणून सोडलं. वडिलांनी आईला केसांना धरून घरभर फरफटवलं होतं. त्यात ती गेली आणि ते तुरुंगात गेले. मी बोलत नव्हते. डोक्याला कुणाला हात लावू देत नव्हते. रविवारी न्हाणं झालं की मुली अंगणात ओळीनं वेणीफणीला बसायच्या आणि मी मोरीत दडून बसायची. केसांत उवा झाल्या. स्वयंपाकाच्या मावशी आमच्याच भागातल्या, त्या म्हणाल्या, "पोर येडी शे का? तिना चमनगोटा करी टाका." तुम्ही ऐकलं नाहीत. माझ्याकडे पाठ करून बसलात, अंबाडा सोडलात आणि फणी मागे सरकवलीत. "आज तू माझी वेणी घाल," एवढंच म्हणालात.

किती रविवार गेले कोण जाणे. मी वेणी घालतेय, तुम्ही मेथी निवडताय, काही विचारत नाही. आणि एका रविवारी मी तुमचे केस मुठीत धरून असा हिसका दिला की तुमची मान मागे आली. मावशी लाटणं घेऊनच धावल्या. तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. "चुकून ओढलं गेलं तिच्याकडून." मग मला म्हणालात, "दुखलं हं मला. असं करायचं नाही." आणि पुन्हा माझ्याकडे पाठ करून बसलात. पुढच्या रविवारी मी तुमच्यापुढे बसले. पहिल्याच गुंत्याला "दुखस" म्हणाले. तुम्ही फणी तिथेच थांबवलीत.

आता मीही अशाच मुलींमध्ये काम करते. जुनी माणसं म्हणतात, बाईंचा गुण हिच्यात उतरलाय. मला मात्र वडिलांचाच उतरला असेल, अशी धास्ती वाटते. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ते चुकून नव्हतं, बाई. तुमची मान मागे आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. अजून मी मुलींच्या वेण्या सैलच घालते. दुपारपर्यंत सुटतात. मुली कुरकुरतात, घट्ट घाला म्हणतात, आणि मी पुन्हा सैलच घालते.