टँकर, समिती आणि तो स्वानंद

प्रिय ऋजुता,

फोन हातात घेतला की मी आधी टाइप करतो, मग डोकं फिरतं, मग डिलीट करतो, आणि तुला तिकडे नुसतं दिसत राहतं की सूरज काहीतरी लिहितोय. म्हणून कागद घेतला. अक्षर तेच आहे, ज्याला तू कॉलेजात मुंग्यांची वरात म्हणायचीस. सांभाळून घे.

आईने तुझी चौकशी केलीय. तिला म्हटलं, मजेत आहे, हल्ली साहेब लोकांत बसते. ती म्हणाली, मग तू का असा तोंड पाडून बसतोस. आईला काय सांगणार? आमच्या वर्तकनगरात बाकी सगळं तसंच आहे. बिल्डिंग पाडणार पाडणार म्हणून लोकांनी भिंतींना रंग द्यायचा सोडलाय, आणि बिल्डिंग काही पडत नाही.

एस.वाय.ला मी प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडून निघालो तेव्हा तू गेटपर्यंत धावत आलेलीस. म्हणालीस, सॉरी म्हण आणि चल आत. मी म्हटलं, मेलो तरी म्हणणार नाही. मेलो नाही, परशुरामकाकांचा पाण्याचा टँकर चालवायला लागलो. तू डिग्री घेतलीस, वर आणखी रस्त्यांचं काहीतरी शिकलीस. दिवाळीला मेसेज, वाढदिवसाला केकचं चित्र, एवढंच आपलं उरलं. आणि मग एक दिवस घोडबंदर रोडला टँकर भरायच्या पॉइंटवर मी पाइप सोडत होतो, तर समोर पिवळं जॅकेट घालून तू. हातात फाइल. मला बघून तू हसलीस ना, पाइप माझ्या बुटांत सुटलेला. तुझ्या मागून गाडीतून स्वानंद उतरला.

तुम्ही काय करताय ते तू मला त्या दिवशी टपरीवर समजावून सांगितलंस. पालिका, आरटीओ आणि ट्रक बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसून ठाण्याच्या टँकरांसाठी नवीन धोरण करतायत. शाळेच्या वेळेत टँकर रस्त्यावर नको, बाजूला काय आहे ते दाखवणारा कॅमेरा हवा, हळूहळू डिझेल जाऊन बॅटरीवरचे टँकर येणार, आणि ड्रायव्हरला फेरीमागे पैसे न देता महिन्याचा पगार. तू पालिकेच्या बाजूने, स्वानंद कंपनीचा इंजिनिअर. तू बोलत होतीस आणि मी बघत होतो की तुझ्या कपातली साय त्याने न विचारता चमच्याने काढली. तुला साय आवडत नाही हे त्याला माहीत होतं. मला वाटायचं ते फक्त मला माहीत आहे.

खरं सांगू का, त्या माणसात खोट सापडत नाही, हाच माझा त्रास आहे. मी शोधली. शर्टाला इस्त्री, स्टीलची बाटली, शिवराममामांसारख्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला अहो-जाहो. ठाण्यात गाडी चालवतो आणि हॉर्न वाजवत नाही. हॉर्न न वाजवता वेळेवर पोचतो, याचा मला जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही. संध्याकाळी तुला डोंबिवलीला सोडतो, म्हणे मला पुढे कल्याणला जायचंच असतं. रोज? कल्याणला रोज काय असतं रे याचं, असं मी सगळ्या पॉइंटवर विचारून झालं. पोरं आता मला बघितलं की एकमेकांना विचारतात, काय रे, कल्याणला चाललास का.

कोलशेतच्या यार्डातला तो प्रयोग आठवतो? टँकरभोवती तुम्ही सगळे उभे राहिलात आणि मला वर सीटवर बसवून आरटीओच्या साहेबांनी विचारलं, कोण कोण दिसतंय. मी आरशात बघून सांगितलं, शिवराममामा, दोन क्लीनर, बस. साहेब म्हणाले, उतरून बघ. उतरलो तर डाव्या चाकाला लागून तू आणि तो. चांगले जोडीने उभे. त्याने तुला कोपराला धरून जागेवर उभं केलेलं, हात अजून तिथेच होता. सगळे टाळ्या वाजवत होते की बघा, ड्रायव्हरला किती कमी दिसतं. मी तर चार दिवस जेवलो नाही. तिकडे साहेबांचा कॅमेऱ्याचा मुद्दा सिद्ध झाला, इकडे माझ्या आयुष्याचा निकाल लागला.

म्हणून मालक-ड्रायव्हरांचं म्हणणं ऐकायला तुम्ही ठेवलेल्या त्या सभेला मी आलो तो तुमचं धोरण पाडायला. आज लपवत नाही. काकांनी मालकांच्या वतीने सांगितलेलं, पोरांना घेऊन ये आणि दणक्यात ओरड. मला ओरडायला वेगळं कारण नकोच होतं, माझं कारण स्टेजवर बसून पाण्याची बाटली तुझ्याकडे सरकवत होतं. शिवराममामांनी उठून विचारलं, साहेब, तुम्ही कधी टँकर चालवलाय का? मला वाटलं, आता गेला हा. तर स्वानंद म्हणतो, नाही मामा, एकदा यार्डात प्रयत्न केला, भिंत पाडली. अख्खा हॉल हसला. मलाही हसू आलं, ते मी दाबलं.

मग तू बोलायला उभी राहिलीस आणि मागून तो कळव्याचा मालक ओरडला, "मॅडम, आधी स्कूटी तरी धड चालवता येते का?" लोक त्यालाही हसले. तू कागद खाली ठेवलास. तुझी मान जरा वाकली. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण माइक माझ्या हातात होता. मी त्या मालकाला म्हणालो, स्कूटीचं सोड, तू स्वतः शेवटचा टँकर कधी चालवलास ते सांग. फेरीमागे पैसे आहेत म्हणून आम्ही पळवतो. सिग्नलला थांबलो तर एक फेरी जाते, जेवलो तर एक फेरी जाते. पगार द्या, मग बघू कोण पळवतो ते. यात मी नवीन काही बोललो नव्हतो. हे सगळं तुझ्या अहवालात होतं, आमच्याच पोरांनी तुला सांगितलेलं. फक्त आमच्यापैकी कोणी मालकांसमोर मोठ्याने बोललं नव्हतं. एकेक करून पोरांचे हात वर गेले आणि पगाराचा मुद्दा धोरणात राहिला.

मी खाली बसलो आणि तुझ्याकडे बघितलं. तू इतकी खूश होतीस. आणि तू बघत होतीस त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी काकांनी टँकरची चावी काढून घेतली. म्हणाले, जा आता, तुझ्या मॅडमकडून पगार घे. हे तुला माहीत नाही आणि हे वाचून मला फोन करून हळहळू नकोस. सध्या एका कुरिअरवाल्याचा बॅटरीचा टेम्पो चालवतो. आवाजच येत नाही त्याचा, झोप येते.

रविवारी स्वानंद घरी आला. वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. तुमच्या धोरणाच्या समितीत ड्रायव्हरांच्या वतीने मला घेतलंय, ते सांगायला. माझं नाव त्यानेच सुचवलेलं. आईने पोहे केले, त्याने दोनदा घेऊन खाल्ले, आई त्याच्यावर खूश. खाली सोडायला गेलो तर गाडीपाशी घुटमळला. म्हणाला, तुम्ही ऋजुताचे जुने मित्र, एक विचारायचं होतं. मीच तिला विचारलं आणि तिला नको असेल, तर बिचारीला रोज माझ्यासमोर बसावं लागेल. तिच्या मनात कोणी आहे का, तुम्ही विचाराल? आणि तुमचं स्वतःचं तसं काही असेल तर आत्ताच सांगा, मी विषय इथेच सोडतो. इतकं सरळ विचारलं गं त्याने. त्याने माज केला असता तर मी कॉलर धरली असती. मी म्हणालो, "छे, नुसती कॉलेजची ओळख आहे. विचारतो मी." शब्द दिला, म्हणून हे पत्र. तर विचारतो: स्वानंदला तू आवडतेस, तुझ्या मनात कोणी आहे का? झालं त्याचं काम. आता त्याला सांग की सूरज त्या दिवशी खोटं बोलला. ओळख नुसती नाही, पहिल्या वर्षापासूनच नुसती नव्हती, आणि ते गेटपाशी सांगायचं सोडून मी सरांवर चिडत बसलो. उत्तर काय द्यायचं आणि कोणाला, ते तुझं. मी कोणाची कॉलर धरणार नाही. फक्त गुरुवारच्या बैठकीआधी दे. पगार कधीपासून लागू करायचा यावर तिथे मालक भांडणार आहेत, मीही भांडणार आहे. उत्तर काहीही आलं तरी भांडणार आहे. पण त्या टेबलावर बसताना, मी पोरांसाठी भांडतोय की तुला दाखवायला, एवढं मला स्वतःला कळलं पाहिजे.

खोडावंसं वाटतंय, पण खोडत नाही,
तुझाच,
सूरज